तीन भावंडं, पाच तिकिटं: आमच्या स्ट्रिंग ट्रायोचा पहिला परदेश दौरा

२०२५च्या मे-जूनमध्ये माझी तीन मुलं जर्मनीत चेंबर म्युझिकचे, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताचे, कार्यक्रम करून आली. थोरली व्हायोलिन वाजवते, मधला व्हायोला आणि धाकटी चेलो. स्ट्रिंग ट्रायो म्हणून एकत्र वाजवायला लागून त्यांना बरीच वर्षं झाली आहेत, पण ते सगळं मुंबईतच, म्हणजे शाळेचे हॉल, पार्ल्यातल्या ओळखीच्यांचे दिवाणखाने, वांद्र्याच्या चर्चमधला नाताळ. बाहेर जायचं ठरलं तेव्हा मी माहिती शोधायला बसले आणि मराठीत काहीच हाती लागलं नाही. आपल्याकडचे गायक-वादक कायम परदेशात जातात, पण ते सज्ञान असतात आणि बहुतेक वेळा आयोजकच सगळं बघतो. मुलं अल्पवयीन, सोबत फक्त आई आणि वर सामानाच्या कप्प्यात न मावणारं एक वाद्य, असं असलं की कुणाला काय विचारायचं तेच कळत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

निमंत्रण आलं ऑक्टोबर २०२४मध्ये. स्टुटगार्टजवळच्या एका गावात छोटं संगीत-मंडळ आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासूनची भगिनी शहरं, त्यामुळे तिकडच्या कलाकारांचं इकडे येणं-जाणं असतं. त्यातल्याच एका चेलोवादक बाईंनी मुलांना मुंबईत ऐकलं होतं. मंडळाचं म्हणणं सरळ होतं. राहणं-जेवण मंडळाच्या सभासदांच्या घरी, तिथला प्रवास त्यांचा, दर कार्यक्रमाला थोडं मानधन. विमानाचा खर्च आमचा.

आनंद झालाच, पण मी लगेच होकार कळवला नाही. त्या वर्षी थोरलीची बारावी होती आणि मधल्याची दहावी. तिघांना एकत्र बसवून विचारलं असतं तर थोरली बोलली असती आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असत्या; आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय. म्हणून नवऱ्याने आणि मी एकेकाला वेगळं विचारलं. मधल्याने अट घातली की बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत नवीन काही बसवायचं नाही. धाकटीने विचारलं, मला कंटाळा आला तर एखादा दिवस सुट्टी मिळेल का? दोन्ही अटी मंडळाला जशाच्या तशा कळवल्या. २० मेनंतर आणि शाळा उघडायच्या आत, अशा तारखा ठरल्या.

पहिलं काम पासपोर्टचं. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा असतो, यातलं जे आधी येईल ते. थोरली ऑगस्टमध्ये अठराची होणार होती, म्हणजे तिचा पासपोर्टही ऑगस्टपर्यंतच. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच शेंगेन व्हिसा असतो, त्यासाठी तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. जूनच्या मध्यापासून मोजलं तर ते बसत नव्हतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याची फी दीड हजार, पाच वर्षांच्याची एक हजार. आई-वडिलांच्या सहीचं ॲनेक्शर डी लागतं. नोव्हेंबरात अर्ज केला, पोलीस पडताळणी झाली आणि नवा पासपोर्ट डिसेंबरात पोस्टाने घरी आला. मुलं सोळा-सतराची असतील आणि वर्षभरात बाहेर जायची शक्यता असेल, तर आजच कपाट उघडून ती तारीख बघा.

आता तालमींबद्दल, कारण या दौऱ्याची खरी तयारी कागदांत नव्हती, ती आमच्या हॉलमध्ये झाली. भावंडं एकत्र वाजवतात म्हटलं की लोकांना वाटतं, सूर आपोआप जुळत असतील. काही बाबतीत ते खरंही आहे. बेथोव्हनच्या ओपस ९ या क्रमांकाच्या संचातली तिसरी ट्रायो (तीन वाद्यांसाठीच्या रचनेलाही ट्रायोच म्हणतात), सी मायनरमधली, हा त्यांच्या कार्यक्रमाचा कणा होता. तिची सुरुवात तिघांनी एकत्र, हळू आवाजात वाजवायच्या चार उतरत्या स्वरांनी होते. नेता नाही, टाळी नाही. धाकटी नाकाने श्वास घेते, तिचा उजवा खांदा किंचित वर येतो आणि तिन्ही बो, म्हणजे वाजवायचे गज, एकदम तारांवर टेकतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, एका खोलीत वाढल्यामुळे आलंय.

पण त्याच खोलीतली भांडणंही सोबत येतात. "तू नेहमीच घाई करतोस" या वाक्यात तालमीपुरती घाई नसते. सकाळचं बाथरूम, शाळेची बस, मागच्या वर्षीचं काहीतरी, सगळं असतं. जानेवारीत एकदा मधला व्हायोला पेटीत ठेवून उठून गेला आणि दोन दिवस तालीम झाली नाही. तेव्हा त्यांच्या सरांनी घरी येऊन नियम घालून दिले. तालमीत कुणाचं नाव घ्यायचं नाही, बारचा, म्हणजे लिहिलेल्या संगीतातल्या एकेका खंडाचा, क्रमांक सांगायचा. "तू घाई करतोस" नाही, "त्रेचाळीसाव्या बारला घाई होतेय." प्रत्येक तालमीचा प्रमुख वेगळा, पाळीपाळीने, धाकटीची पाळी असली की तिचं ऐकायचं. आणि आईने तालमीत बसायचं नाही. शेवटचा नियम मला जड गेला, पण मी खोलीत असले की प्रत्येक मुद्द्यावर तिघांची नजर माझ्याकडे वळायची, निकाल मागायला. सरांचं म्हणणं असं की ही मुलं घरात भावंडं आहेत, स्टँडसमोर बसल्यावर सहकारी आहेत, आणि सहकाऱ्यांना नियम लागतात. ते मला पूर्ण पटलंय. पुढे सगळ्या कागदांतही तेच दिसत गेलं. कुठल्याही कार्यालयाला आमची 'ट्रायो' नको होती. प्रत्येक मुलाची फाईल वेगळी, सही वेगळी, वाद्य वेगळं.

कार्यक्रम ठरवताना एक गोष्ट नव्याने कळली. थोरलीला दोनान्यी या हंगेरियन संगीतकाराची सेरेनेड वाजवायची होती, १९०२मधली, ओपस १०. दोनान्यी १९६०मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे भारतात ती रचना मोकळी झाली. जर्मनीत सत्तर वर्षं, म्हणजे २०३०च्या अखेरपर्यंत हक्क जिवंत. वाजवायला हरकत काहीच नाही. फक्त आयोजकाला वाजवलेल्या रचनांची यादी गेमा या संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेकडे देऊन शुल्क भरावं लागतं. मंडळाने ते आनंदाने केलं, पण त्यांना यादी आधी हवी होती. तेव्हा आयत्या वेळी रचना बदलायची सवय असेल तर परदेशात ती आवरा. शेवटी बेथोव्हन, शूबर्टची एकाच भागाची बी फ्लॅट ट्रायो, दोनान्यी, आणि लोकांनी आग्रह केलाच तर मुलांनी स्वतः बसवलेली भूपमधली छोटी रचना, असं ठरलं. एका गावात स्थानिक पियानोवादकाबरोबर मोझार्टचं जी मायनर पियानो क्वार्टेटही होतं.

व्हिसाची अपॉइंटमेंट आम्ही दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावरची, मार्चअखेरची घेतली. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण जास्त कागद मागितले तर मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकते. मुलं असतील तर पंचेचाळीसच धरून चाला. फी प्रत्येकी ९० युरो. ४५ युरोची सवलत फक्त सहा ते अकरा वयाला. धाकटी तेराची, म्हणजे चौघांचीही पूर्ण फी, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. बारा पूर्ण झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे तिघांनाही प्रत्यक्ष जावं लागलं. तारा दाबून दाबून धाकटीच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं घट्टे पडून कडक झाली आहेत, मशीनवर तिचे ठसे नीट उमटेनात. तिथल्या ताईंनी ओल्या फडक्याने बोटं पुसून घेतली आणि पुन्हा पुन्हा ठेवायला लावली, तेव्हा जमलं. तंतुवाद्य वाजवणाऱ्या मुलांनी आदल्या रात्री बोटांना क्रीम लावून झोपावं.

प्रत्येक मुलाच्या फाईलमध्ये जन्मदाखला, शाळा-कॉलेजचं पत्र, ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, मंडळाचं निमंत्रण आणि वडिलांचं संमतिपत्र होतं. नवरा येणार नव्हता, म्हणून ते नोटरी करून घेतलं. मुंबईत आता शंभरऐवजी पाचशेचा स्टँप पेपर मागतात आणि तीन मुलांची तीन वेगळी पत्रं करावी लागली. निमंत्रणपत्राकडे खास लक्ष द्या. कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या गावात वाजवणार, मानधन आहे की नाही, राहायचा पत्ता काय, खर्च कोण करणार, हे सगळं त्यात स्पष्ट असावं. "सांस्कृतिक देवाणघेवाण" असं गोलमाल पत्र आलं तर विनंती करून बदलून घ्या. मानधन लपवायचं अजिबात नाही. कलाकार म्हणून थोड्या दिवसांसाठी जायला तिथे रीतसर तरतूद आहे, पर्यटक म्हणून गेलात तर उलट अडचण.

थोरलीचा, मधल्याचा आणि माझा पासपोर्ट एप्रिलमध्ये व्हिसासह परत आला. धाकटीचा आला नाही. तिच्या फाईलसाठी आणखी एक कागद मागितला होता. जर्मनीत पंधरा वर्षांखालच्या मुलांनी जाहीर कार्यक्रमात वाजवायचं तर तिथल्या कामगार-संरक्षण खात्याची परवानगी लागते, आणि त्याचा अर्ज आयोजकाने करायचा असतो. मंडळाने तो केलाही होता, उत्तर यायचं होतं. त्यासाठी आमच्याकडून पालकांची लेखी संमती आणि तीन महिन्यांच्या आतलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र गेलं होतं, शाळेच्या अभ्यासाचं नुकसान होत नाही असं पत्र गेलं होतं. परवानगी हातात येईपर्यंत आमचे दिवस फार कठीण गेले. तिकिटं काढलेली, बाकी तिघांचे व्हिसा लागलेले, आणि जिच्या श्वासावर सगळे निघतात तिचाच कागद अडकलेला. ती रोज शाळेतून आली की आधी टेबलावरची पाकिटं बघायची. मे उजाडला तेव्हा परवानगी आली आणि पाठोपाठ तिचा पासपोर्ट.

त्या परवानगीतल्या अटी मला इतक्या शहाणपणाच्या वाटल्या की आता मुंबईतही आम्ही त्या पाळतो. सहा वर्षांवरच्या मुलाने संगीताच्या कार्यक्रमात दिवसाला जास्तीत जास्त तीन तास, तेही सकाळी आठ ते रात्री दहाच्या मध्येच. तालीम या तीन तासांतच धरायची. आणि काम संपल्यावर सलग चौदा तास मोकळे. म्हणजे रात्री नऊला कार्यक्रम संपला तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तिला काही सांगायचं नाही. मंडळाने एका गावात सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम जोडायचं सुचवलं होतं, तो या नियमामुळे दुपारी सरकला. त्याच सुमारास मी मोझार्ट भावंडांच्या दौऱ्याबद्दल वाचत होते. १७६३मध्ये निघाले तेव्हा नानेर्ल अकराची आणि वोल्फगांग सात वर्षांचा. तीन वर्षांहून जास्त काळ घोडागाडीतून युरोपभर, आणि १७६५मध्ये हेगला दोघंही एकामागून एक इतकी आजारी पडली की वाचतात की नाही अशी वेळ आली. ते वाचल्यावर मी मंडळाला लिहून आणखी एक मोकळा दिवस मागून घेतला.

आता चेलोचं तिकीट. व्हायोलिन आणि व्हायोला डोक्यावरच्या कप्प्यात जातात. कंपनीचा नियम आधी लेखी मागून घ्यायचा आणि विमानात शक्य तितकं लवकर चढायचं. चेलो मात्र सामानात द्यायचा नाही. त्याच्यासाठी वेगळी सीट घ्यावी लागते, ती वेबसाइटवर मिळत नाही, फोन करून घ्यावी लागते. भाडं माणसापेक्षा थोडंच कमी, कारण काही कर लागत नाहीत. सीट खिडकीचीच देतात, म्हणजे कुणाचा बाहेर पडायचा रस्ता अडत नाही, आणि आपत्कालीन दाराच्या रांगेत कधीच देत नाहीत. चौघं माणसं आणि एक चेलो, अशी पाच तिकिटं आम्ही जानेवारीत काढली.

एप्रिलच्या अखेरीस पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाली आणि युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच विमानांच्या वेळा बदलल्या, आमच्याही. नवीन वेळेत माणसांच्या जागा आपोआप सरकल्या, चेलोची सरकली नाही. हे मला कळलं कारण मी दर आठवड्याला फोन करून पाचही जागा वाचून घेत होते. पुन्हा दोन-तीन फोन, पुन्हा लेखी खात्री. विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने तरीही सांगितलं की एवढी मोठी वस्तू खाली द्यावी लागेल. मी छापील ईमेल पुढे केला, त्याने वरिष्ठांना बोलावलं, वीस मिनिटं गेली आणि बोर्डिंग पास मिळाला. ईमेल मोबाइलमध्ये असून पुरत नाही, कागदावर हवा. विमानात चेलो उलटा, मान खाली करून बसवला, जादा पट्टा मागून बांधला, आणि धाकटी रात्रभर त्याच्या शेजारी त्याच्यावर हात ठेवून झोपली.

कस्टम्सबद्दल अनेकांनी घाबरवलं होतं. २०१२मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर युझुको होरिगोमे या नामवंत जपानी व्हायोलिनवादक बाईंचं ग्वार्नेरी, म्हणजे जुनं आणि अतिशय महाग इटालियन, व्हायोलिन अधिकाऱ्यांनी अडवून ठेवलं होतं. आमची वाद्यं त्या किमतीची नाहीत, पण आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू तीच. दोन गोष्टी केल्या. एक, निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलं. प्रत्येक वाद्याचं बिल, आतल्या लेबलचा फोटो, समोरून-मागून फोटो, हे छापून नेलं होतं. त्यामुळे परत येताना ही वाद्यं इथूनच गेली होती हे दाखवता येतं. यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. दुसरं, जर्मनीत उतरताना. वाजवून परत न्यायचं, हातात नेता येणारं वाद्य प्रवाशाने सोबत आणलं तर युरोपीय संघात तात्पुरत्या आयातीची सोय आहे. तरी निमंत्रणपत्र आणि परतीची तिकिटं हाताशी ठेवली होती. कुणी विचारलं नाही.

एटीए कार्नेची, म्हणजे वस्तू तात्पुरत्या परदेशी नेऊन परत आणण्यासाठीच्या कस्टम्सच्या कागदाची, चौकशीही केली होती. भारतात तो फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून मिळतो, वर्षभर चालतो, पण त्यासाठी तारण ठेवावं लागतं. फक्त जर्मनीत जायचं तर आम्हाला त्याची गरज नव्हती. सीमेपलीकडे बाझेलला एक कार्यक्रम जोडायची कल्पना पुढे आली होती. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, म्हणजे व्हिसा चालतो, पण युरोपीय संघाच्या कस्टम्समध्ये नाही, म्हणजे वाद्यांची सीमा पुन्हा ओलांडायची. पहिल्याच खेपेला तो व्याप नको म्हणून बाझेल सोडून दिलं.

बोबद्दलही बघून ठेवा. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंताची पट्टी असू शकते. तसा बो घेऊन सीमा ओलांडायचा विचारही करू नका. थोरलीच्या सेकंडहँड बोची पट्टी आम्ही तपासून घेतली, ती हाडाची निघाली आणि तसं दुरुस्ती करणाऱ्यांकडून लिहून घेतलं. बोसाठी वापरतात ते ब्राझीलचं पर्नाम्बुको लाकूड साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, पण तयार बो घेऊन ब्राझीलखेरीज दुसऱ्या देशातून प्रवास करताना आम्हाला परवाना लागला नाही. हे नियम बदलत असतात, जाण्याआधी ताजे वाचा.

२३ मेच्या रात्री निघालो. मुंबईत आठवडाभर पाऊस लागलेला होता आणि मोसमी पाऊस तर २६ मेलाच दाखल झाला. घरातल्या दमट हवेत खुंट्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की फिरवताना कुरकुरत होत्या. विमानातली हवा कोरडी. सकाळी जर्मनीत पेटी उघडली तर व्हायोलाच्या दोन खुंट्या सैल होऊन तारा लोंबत होत्या. मधल्याचा चेहरा उतरला, पण घोडी जागेवर होती, साउंडपोस्ट म्हणजे आतली आधाराची काडीही. दुपारपर्यंत हळूहळू तारा चढवल्या. पोहोचल्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका, वाद्यांनाही एक दिवस द्या. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर चाळीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये काटा आहे ना, एवढं बघता येतं. तारांचे जादा संच, सुटी पक्कड आणि कात्री चेक-इन बॅगेत. तारांचं महत्त्व तिथे कळलं, कारण पेंटेकॉस्टच्या सणाला, ८ आणि ९ जूनला, सगळी दुकानं बंद होती आणि व्हायोलिनची ई तार नेमकी तेव्हाच तुटली.

राहायचो त्या घरांत सरावाच्या वेळा पाळाव्या लागत. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, त्या इमारतीत दुपारीही दोन तास, आणि रविवारी अख्खा दिवस जपून. आवाज दाबणारे रबरी म्यूट नेले होते ते फार उपयोगी पडले. यजमान कुटुंबांपैकी एक मराठी होतं, मूळ साताऱ्याचं. तिथे पहिल्या दिवशी पिठलं-भात मिळाला आणि धाकटीचं जेवण सुरू झालं; त्याआधी ती ब्रेडवरच होती.

प्रवासासाठी जूनचं डॉइचलांड-टिकिट काढलं, तेव्हा महिन्याला ५८ युरो. सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, जलद गाड्यांत नाही. ती वर्गणी असते, १० तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. कॅलेंडरवर गजर लावून रद्द केलं.

कार्यक्रम दगडी चर्चमध्ये होते. मुंबईच्या हॉलमध्ये सूर वाजतो आणि संपतो, तिथे तो बराच वेळ छताखाली फिरत राहतो. पहिल्या तालमीत बेथोव्हनचा शेवटचा भाग नुसता गदारोळ झाला. त्या दिवशी प्रमुख मधला होता. तो वाद्य खाली ठेवून मागच्या बाकांपर्यंत चालत गेला, बाकी दोघींना वाजवायला लावलं आणि परत येऊन म्हणाला, वेग कमी नको, बो आखूड करू या. तसं केलं आणि स्वर सुटे ऐकू यायला लागले. मी दारात उभी होते, काही बोलले नाही. पियानो क्वार्टेटच्या गावात पियानो ४४२ हर्ट्झवर, म्हणजे किंचित चढा, लावलेला होता, आपल्याकडची ट्यूनर ॲप ४४०वर असतात. आधी विचारून घरीच दोन आठवडे ४४२वर सराव केला होता, म्हणून तिथे कान गोंधळले नाहीत.

बॉनला मोकळ्या दिवशी बेथोव्हनच्या जन्मघरी गेलो. तरुणपणी दरबारच्या वाद्यवृंदात तो वाजवायचा तो व्हायोला तिथे काचेत आहे. मधला त्यापुढून हलेना. व्हायोलावाल्यांना कायम "मधलं काहीतरी वाजवणारा" म्हणतात, आणि घरातही तो मधलाच. "तो पण व्हायोला वाजवायचा," एवढंच म्हणाला.

पैशांचं सांगते. विमान, व्हिसा, विमा मिळून आमचा खर्च चार लाखांच्या थोडा वर गेला. मानधनातून त्याच्या साधारण निम्मे आले. परदेशी कलाकाराच्या मानधनातून जर्मनीत कर कापतात, पण एका कार्यक्रमाला माणशी २५० युरोंपर्यंत कपात नाही, आणि मंडळाने हिशेब माणशी धरला. पावत्याही तिघांच्या नावाने वेगळ्या झाल्या. पैसे जुलैत बँकेत आले. बँकेने निमंत्रणपत्र आणि रक्कम कशाची आहे याचा कोड मागितला. विमानाचा खर्च आम्ही आई-बाबांनी केला, मानधनाचे तीन समान वाटे करून प्रत्येकाच्या खात्यात टाकले. धाकटी लहान म्हणून कमी, असं केलं नाही. तिने सर्वांइतकंच वाजवलं होतं.

आम्ही तिकडे असताना त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झालेल्या अकरावीच्या प्रवेशाची नोंदणी सुरू झाली. दहावीचा निकाल निघायच्या आधीच लागला होता, गुणपत्रिका आणि दाखल्यांचे फोटो नवऱ्याकडे ठेवले होते, म्हणून त्याने मुंबईतून अर्ज भरला. दहावीच्या वर्षी दौरा करणार असाल तर लॉगिनचा मोबाइल नंबर भारतात राहणाऱ्या माणसाचाच द्या, ओटीपी तिकडे वेळेवर येईलच असं नाही.

१४ जूनला परतलो, १६ला धाकटीची शाळा. पावसाळ्यात चेलोच्या कडेचा जोड बोटभर उघडला, तो मुंबईतच चिकटवून घेतला. ऑगस्टमध्ये थोरली अठराची झाली. सप्टेंबरात मंडळाचं पत्र आलं, पुढच्या वसंतात पुन्हा येता का म्हणून. या वेळी पत्र तिघांच्या नावाने होतं. तिघांनी दार लावून चर्चा केली. धाकटीची तेव्हा नववीची वार्षिक परीक्षा असेल, तिने नाही म्हटलं, आणि थोरलीने स्वतःच्या सहीने मंडळाला लिहिलं की मार्च जमणार नाही, मे चालेल का ते कळवा.